पन्ना कोट्टा वाटीतच लावा, ताटलीत उलटायचा हट्ट सोडा

एप्रिल लागला की सांगलीत चाळिशीला टेकलेलं ऊन आणि आंबा घाट चढून आलेल्या पेट्या एकदमच येतात. या दिवसांत घरोघरी आमरस होतोच, व्हायलाच हवा. पण पाहुण्यांसाठी काही आधी करून गार करून ठेवायचं असेल तर मी आंब्याचा पन्ना कोट्टा करते, म्हणजे दूध-क्रीमचा मऊ, थरथरता गोड पदार्थ. त्याबद्दल आज जरा ठामपणे लिहायचंय, कारण हल्ली हा पदार्थ लग्नाच्या बुफेपासून वाढदिवसापर्यंत सगळीकडे दिसतो आणि बहुतेक ठिकाणी चमच्याने कापावा लागतो. इतका चांगला पदार्थ असा वाया गेलेला मला बघवत नाही.

मूळ पदार्थ इटलीच्या वायव्येकडच्या पिएमॉन्ते भागातला मानतात. पारंपरिक म्हणून तो मिरवला जातो खरा, पण तिकडच्या पाककृतींच्या पुस्तकांत हे नाव 1960च्या दशकाआधी सापडत नाही, म्हणजे वयाने फार मोठा नाही. क्रीम, थोडं दूध, साखर, जराशी व्हॅनिला. हे गरम करायचं, त्यात जिलेटिन विरघळवायचं आणि गार करून लावायचं, म्हणजे दह्यासारखं घट्ट होऊ द्यायचं. अंडं नाही, मैदा नाही, ओव्हन नाही. भिलवडीच्या दुधाचं नाव पुण्या-मुंबईपर्यंत पोचलेल्या आपल्या जिल्ह्यात म्हशीच्या दुधाला तोटा नाही, तेव्हा या पदार्थाला याहून चांगलं गाव कुठलं मिळणार?

अडतं ते जिलेटिनपाशी. ते जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. आमच्या आत्याबाई वाटी हातात घेतल्या घेतल्या विचारतात, "ह्यात हाडाबिडाचं काही नाही ना गं?" आणि त्यांचं विचारणं अगदी रास्त आहे. शाकाहारी माणसाला न सांगता जिलेटिन खाऊ घालणं मला मुळीच पटत नाही. समोरच्याने विचारायची वाट बघू नये, वाढतानाच सांगावं. मी स्वतः चायना ग्रास वापरते, म्हणजेच अगर-अगर. ते समुद्रातल्या लाल शेवाळापासून मिळतं. आपल्याकडे किराणा दुकानात काड्यांच्या रूपात पूर्वीपासून मिळत आलंय, आता पावडरही सहज मिळते.

सांगलीच्या उन्हाळ्यात चायना ग्रास निवडायचं आणखी एक कारण आहे. जिलेटिन तिशी-पस्तिशीच्या तापमानाला सैल पडतं. दुपारी लाइट गेली, फ्रिज थोडा वेळ बंद राहिला, की पन्ना कोट्टाचं पुन्हा दूध व्हायला लागतं. चायना ग्रासचं तसं नाही. एकदा लागलं की ते साधारण 85 अंशांपर्यंत वितळत नाही. ही अडचण जर्मनीतल्या प्रयोगशाळेतही आली होती. जिवाणू वाढवायला जिलेटिनचे थर वापरायचे आणि ते उबेने वितळून जायचे. 1881 साली फॅनी हेस या बाईंनी जिवाणूंवर काम करणाऱ्या आपल्या नवऱ्याला सुचवलं की मी जेली-पुडिंगला अगर वापरते, ते वापरून बघा. जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून त्यांना ते कळलं होतं. पुढे जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेने ते उचललं आणि आजही जगभर जिवाणू अगरवरच वाढवतात. स्वयंपाकघरातलं शहाणपण कुठवर जाऊन पोचतं ते बघा. मला ही हकीकत फार आवडते.

पण चायना ग्रासचा एक स्वभाव नीट ओळखायला हवा. जिलेटिन तोंडाच्या उबेने जिभेवर विरघळतं, इटालियन पन्ना कोट्टाची सगळी गंमत तिथंच आहे. चायना ग्रास तोंडात वितळत नाही, ते मोडतं. म्हणून ते जितकं कमी तितकं बरं. आणि नेमकं इथंच उलटायचं खूळ आडवं येतं. ताटलीत उलटून घाटदार उभा राहायचा तर चायना ग्रास वाढवावं लागतं, आणि वाढवलं की घट्ट होतो चांगला, दिसतो झक्क, पण खाताना कडक खरवस खाल्ल्यासारखं वाटतं. फोटोसाठी चव का घालवायची? काचेच्या वाटीत लावा, वाटीतच वाढा. वाटी हलवली की मधोमध थरथरला पाहिजे आणि चमचा आपल्या वजनाने आत गेला पाहिजे. एवढं जमलं तर बाकी काही बघू नका.

माझं माप सांगते. म्हशीचं दूध 300 मिली, फ्रेश क्रीम 200 मिली, साखर सपाट 4 मोठे चमचे, मिठाची कणी. चायना ग्रासची पावडर साधारण 2 ग्रॅम, म्हणजे छोटा चमचा सपाट भरून पाऊण. यात सहा लहान वाट्या होतात. पावडर आधी 100 मिली गार पाण्यात कालवायची आणि ते पाणी दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्यायचं. दुधात थेट टाकली तर नीट विरघळत नाही, कण राहतात. दुसऱ्या गॅसवर दूध, क्रीम, साखर एकत्र गरम करायचं, उकळी आणायची नाही. दूध गरम असतानाच त्यात उकळलेलं पाणी ओतायचं. दूध गार असेल तर चायना ग्रास चाळीस अंशांच्या आसपासच धरायला लागतं आणि गुठळ्या होतात. मग गाळणीतून गाळा, अधूनमधून ढवळत राहा, नाहीतर वर साय धरते, आणि बोटाला सोसवेल इतपत झालं की वाट्यांत ओता. पावडरीची ताकद कंपनीगणिक बदलते, म्हणून ओतण्याआधी एक चमचाभर गार ताटलीवर टाकून बघा. बोट लावल्यावर हलकेच दबलं तर बरोबर. ताटलीवरून सुटून आलं तर घट्ट झालंय, थोडं गरम दूध घाला.

घरची साय वापरायची असेल तर ताजी घ्या, दुधात फिरवून गाळून घ्या, नाहीतर लोण्याचे कण तरंगतात. वेलची मी घालत नाही. आपला हात सवयीने तिकडे जातो, पण ती आंब्याला झाकून टाकते.

आता आंबा. दुधातच रस मिसळून केशरी पन्ना कोट्टा करतात, तो मला पटत नाही. गरम दुधात आंबटसर रस गेला तर दूध फाटायची भीती, आणि गार होईपर्यंत थांबावं तर चायना ग्रास धरायला लागलेलं असतं. त्यापेक्षा पांढरा थर लावून पूर्ण गार होऊ द्या आणि रस वरून घाला. खालची साईची गोडी आणि वरचा आंबा दोन्ही वेगवेगळे कळतात. रसाला हापूस नको, पायरी घ्या. क्रीम आणि साखर खाली आहेच, वर आणखी हापूसचा गोडवा आला की दोन चमच्यांत तोंड मिटतं. पायरीला जो आंबटपणा असतो तोच इथं हवा. रस हाताने पिळून गाळा, साखर घालू नका. हापूसच्या बारीक फोडी त्यावर पेरा, त्याला ना नाही. 2018 साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या बाजारात कर्नाटकचा हापूसही भरपूर येतो आणि या फोडींना तोही छान चालतो. फक्त तो रत्नागिरीच्या भावाने घेऊ नका.

आंब्याऐवजी अननस घालणार असाल तर तो आधी शिजवून घ्या. कच्च्या अननसात आणि पपईत प्रथिनं तोडणारे घटक असतात. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे ते घट्टच होत नाही. चायना ग्रास घट्ट होतं, पण कच्चा अननस दुधातलंही प्रथिन तोडतो आणि थोड्या वेळाने कडू चव येते. सीताफळाचं उलटं, ते शिजवलं की कडवट होतं. गर काढून गार पन्ना कोट्टावर तसाच घालायचा, ऑक्टोबरात जरूर करून बघा.

एक मात्र आहे. चायना ग्रासला दुसऱ्या दिवसानंतर कडेने पाणी सुटायला लागतं. म्हणून वाट्या आदल्या रात्री लावा, झाकण ठेवून फ्रिजमध्ये राहू द्या, आणि रस वाढायच्या वेळीच पिळा. दुपारच्या जेवणाला असेल तर सकाळी पिळलेलाही नको.