फ्युकॉइडानच्या आधी एंडोटॉक्सिन तपासा

तपकिरी शैवालातल्या फ्युकॉइडान या शर्करेच्या लांब साखळीने मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या प्रतिकार) पेशी टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा संदेशरेणू सोडू लागल्या, म्हणून ते कर्करोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढवतं, असं एका लेखात म्हटलंय. मधला मोठा टप्पा सुटलाय. शैवालावर जिवाणू असतातच आणि त्यांचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या बाहेरच्या आवरणातला, प्रतिकार पेशींना चेतवणारा पदार्थ) अर्कात उतरतं. मिलिलिटरला 1 नॅनोग्रॅमहून कमी असलं तरी या पेशी चेततात. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) 121 अंशांवर ते नष्ट होत नाही. काचसामान 250 अंशांवर निदान 30 मिनिटं कोरडं तापवावं लागतं. अर्क तसा तापवता येत नाही, खरी अडचण तीच.

तपासणीही फसवी. एंडोटॉक्सिन मोजणारी नेहमीची एलएएल चाचणी बीटा-ग्लुकान या शर्करेच्या साखळीलाही प्रतिसाद देते, आणि तपकिरी शैवालात लॅमिनारिन हे बीटा-ग्लुकानच असतं. म्हणून रिकॉम्बिनंट फॅक्टर सी ही बीटा-ग्लुकानला प्रतिसाद न देणारी चाचणी वापरावी. नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून 50 ते 200 टक्के परत मोजलं जातं का, तेही पाहावं. नाहीतर नमुना अजून पातळ करावा. पॉलिमिक्झिन बी हे एंडोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणारं औषध घालून केलेल्या तुलनेवर मात्र विसंबू नका: ते धनभारित, फ्युकॉइडान सल्फेटमुळे ऋणभारित, दोघं एकमेकांनाच चिकटू शकतात. एंडोटॉक्सिन ओळखणारं टीएलआर4 हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मॅक्रोफेज पेशी जास्त भरवशाच्या.

तुलनेला कर्करोगावरचं ट्रॅबेक्टेडिन घ्या. ॲसिडियन या समुद्री प्राण्यात सापडलेलं, युरोपात 2007 मध्ये मंजूर झालेलं हे औषध ट्यूमरमधल्या मॅक्रोफेज पेशी उलट कमी करतं, आणि तिथे तेच उपयोगी ठरतं. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ एवढंच लिहिणं रुग्णांवर अन्याय आहे. फ्युकॉइडानमध्ये हेपारिनसारखा रक्त पातळ करण्याचा गुण असतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या कॅप्सूल घेऊ नयेत.