मोलकरणीच्या खोलीचं भाडं

एका रात्रीचे दोनशे ऐंशी डॉलर, वर कर, मोजून आपण ज्या खोलीत उतरलो ती मुळात घरच्या मोलकरणीची होती, ही गोष्ट पैसे भरायच्या आधी कळायला हवी की नाही? मला ती गेल्या शनिवारी कळली. त्या वेळी त्याच खोलीत दहाबारा अनोळखी माणसं दाटीवाटीने उभी होती, पितळी खुंटीवर माझा पंचा वाळत होता, आणि एका बाईंनी आमच्या शंकरपाळ्यांच्या स्टीलच्या डब्याचा फोटो काढून "हा त्याच काळातला का?" असं विचारलं होतं.

केप मे हे गाव न्यू जर्सीच्या पार दक्षिण टोकाला. गार्डन स्टेट पार्कवेचा शून्याचा मैल तिथला. एडिसनहून निघालं की रस्ता संपेपर्यंत जायचं, पुढे समुद्रच. लग्नाच्या वाढदिवसाला 'जरा क्लासी' काहीतरी हवं, असं बायकोचं म्हणणं पडलं, म्हणून हे व्हिक्टोरियन घराचं बेड अँड ब्रेकफास्ट. घर देखणं, त्याबद्दल वाद नाही. जांभळा, पिस्ता आणि मोरपंखी असे रंग एकाच भिंतीवर, तीन बाजूंनी व्हरांडा, छपराच्या कडेला लाकडी नक्षीची झालर, कोपऱ्यात टोकदार टोपीचा बुरूज. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, तीही मागच्या अरुंद जिन्याने. लिफ्ट नाही. "ऑथेंटिक," मालकीणबाई म्हणाल्या, आणि आमच्या बॅगांकडे न बघता आत गेल्या.

ऑथेंटिक या सबबीखाली अमेरिकेत माणसाला काय वाटेल ते सहन करायला लावता येतं. पलंग आखूड? ऑथेंटिक. नळाला गरम पाणी यायला वेळ? ऑथेंटिक. भाडं तेवढं चालू वर्षाचं.

तर दुपारी चारला कोमट चहा आणि घराची टूर. उतरलेल्यांना फुकट, बाहेरच्यांना तिकीट. मालकीणबाई गळ्यापर्यंत लेस लावलेला झगा घालून जिन्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कृपया कशालाही हात लावू नका." त्याच क्षणी माझ्या मागे टक् टक् असा आवाज झाला. वळून बघतो तर पांढऱ्या मिशांचे, स्वेटरवर जॅकेट आणि त्यावर मफलर असे एक गृहस्थ भिंतीला कान लावून बोटाच्या पेराने ठोकत होते.

"पोकळ आहे," ते मला शुद्ध मराठीत म्हणाले. मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. "सगळं लाकूड. वर पट्ट्या मारून गिलावा केलाय. मी बांधकाम खात्यात होतो, साताऱ्याला. तुम्ही कुठले?"

"एडिसन."

"ते झालं हो. मूळचे कुठले?"

मूळ गाव, कंपनी, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलं किती, हे सगळं दिवाणखाना संपायच्या आत त्यांनी काढून घेतलं. तिकडे मालकीणबाई सांगत होत्या की 1878 च्या नोव्हेंबरमध्ये इथे मोठी आग लागली, गावाचा मधला भाग पस्तीसेक एकर जळून खाक झाला आणि ही सगळी घरं त्यानंतर उभी राहिली. काकांनी हात वर केला.

"मॅडम, आफ्टर फायर, व्हाय अगेन वूड?"

मालकीणबाई हसल्या. म्हणाल्या, तेव्हा तशीच पद्धत होती.

"पद्धत कसली," काका मला म्हणाले. "जळलं लाकूड आणि परत बांधलं लाकडातच? एस्टिमेट पास कुणी केलं? फायर एनओसी आहे का विचारा तुम्ही. तुम्ही राहताय ना इथे?" मी विचारलं नाही. पण छपराखाली आमची खोली आणि बाहेर पडायला तो एकच अरुंद जिना, हे त्यांनी डोक्यात घातलं ते घातलंच.

जेवणघरात काचेच्या खोक्यात एक गुच्छ टांगलेला आहे. लांबून सुकलेली फुलं वाटतात. जवळ गेलं की दिसतं, बारीक तारेवर केस गुंडाळून केलेल्या पाकळ्या आहेत. तपकिरी, करड्या, मध्येच एक सोनेरी. घरातल्या गेलेल्या माणसांचे केस जपून त्यांची अशी फुलं करून ठेवायची त्या काळी रीत होती. कारागिरी अफाट आहे, हे मी मान्य करतो. पण ते नेमकं नाश्त्याच्या टेबलाच्या वर का? "आमच्याकडं भातात एक निघाला तर ताट बाजूला सारतो आम्ही," काका म्हणाले. माझी बायको दुसऱ्या दिवशी त्या भिंतीकडे पाठ करून बसली.

वरच्या खोल्यांत भिंतीतली कपाटं नव्हती. तेव्हा कपाटाला खोली धरून त्यावर कर लावत, म्हणून, असं मालकीणबाईंनी सांगितलं. ही थाप अमेरिकेतल्या प्रत्येक जुन्या घरात ऐकवतात. अभ्यासकांना असा कर कुठल्या कायद्यात सापडलेला नाही. लोकांकडे कपडे कमी असत, ते खुंटीला किंवा लाकडी अलमारीत मावत, एवढंच. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या सोसायटीत बाल्कनी बंद केली तर असाच टॅक्स लागतो." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग तो अरुंद जिना. मालकीणबाईंनी नाट्यपूर्ण आवाज काढला, "आणि आता, नोकरांचं जग!" आणि माझ्या खोलीचं दार किल्लीने उघडलं. माझ्या! मी मागून "एक्स्क्यूज मी" म्हणालो, ते सगळ्यांना 'जरा पुढे सरका' असं वाटलं आणि सगळे आत सरकले.

पुढे काय काय झालं ते वर आलंच आहे. राहिला तो काकांचा भाग. त्यांनी डबा ओळखला, उघडला, एक शंकरपाळं तोंडात टाकलं. "ताई, घरचे?" बायको खूश. मग पलंगाच्या वरच्या भिंतीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे बघितलं का? खालच्या सगळ्या खोल्यांत बटन आहे. तुमच्यात बटन नाही, घंटा आहे. म्हणजे त्यांनी दाबायचं आणि तुम्ही जायचं."

मी गप्प.

"किती पडली?"

"काका, ते असू दे."

"अहो, सांगा तरी. दीडशे?"

"चालतं हो. वर्षातनं एकदा."

"दोनशे? दोनशेच्या वर?" मी मान फिरवली तेवढ्यावर त्यांना उत्तर मिळालं. बायकोने उरलेले ऐंशी सांगून टाकले. काकांनी डोळे मिटून रुपये केले, मग डोळे उघडून जमलेल्या समस्त जनतेला मोठ्याने सांगितलं, "टू एटी! फॉर सर्व्हंट रूम!" ज्या माणसांना मी कोण हेही माहीत नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी कणव आली. काका हायवेवरच्या मोटेलमध्ये मुलाबरोबर उतरले होते. नव्वद डॉलर, पोहायचा तलाव, आणि नाश्त्याला वॉफलचं मशीन आपण स्वतः दाबायचं.

खरं सांगायचं तर या गावाबद्दल मला आदरच आहे. 1970 च्या सुमारास इथलं एक थोराड जुनं घर पाडायला निघाले होते. गावकऱ्यांनी संस्था काढून ते वाचवलं, आणि 1976 साली अख्खं गावच राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा ठरलं. पुण्यातले वाडे आठवून पोटात कालवतं. पण वारसा जपायचा खर्च एका जोडप्याकडून एका रात्रीत काढायचा असतो का? आणि काढायचाच तर निदान घरधन्याच्या खोलीत झोपवा. हा प्रश्न मी मालकीणबाईंना थोड्या सौम्य शब्दांत विचारला. त्या म्हणाल्या, "पण लोकांना हीच खोली सगळ्यात जास्त आवडते. व्ह्यू आहे ना!" व्ह्यू आहे. टाचा उचलल्या तर समुद्राची चिंधी दिसते.

रात्री साडेनवाला घंटा वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला बटन अजून चालतं का ते बघायचं होतं. चालतं. बायको पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "जा, बघ काय हवंय त्यांना."

हे सगळं केप मेमध्येच राहिलं असतं. पण निघताना काकांनी माझा नंबर घेतला, आणि खोलीचे फोटो त्यांच्या मुलाने इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकले. परवा किराणा दुकानात, मेथी निवडताना, एक अनोळखी बाई माझ्याकडे बघून थबकल्या. "तुम्हीच का ते, मोलकरणीच्या खोलीवाले?"

मी हो म्हणालो. आकडा त्यांना पाठ होता, तोही करासकट.