‘साध्या गोष्टीचा डोंगर करता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. वर्डमध्ये समीकरणं टाइप करण्याचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुम्ही लिहिता की वीस वर्षं तुम्ही गणिताचा पेपर हाताने लिहिता, फोटो काढून वर्डमध्ये चिकटवता आणि मुलांचं काही अडलेलं नाही. तुमचं म्हणणं असं की वर्डच्या समीकरणाच्या चौकटीत मराठी शब्द घातला की विस्कटतो. संगणकातलं समीकरण चार वर्षांनी उघडत नाही, वही मात्र उघडते. आणि ज्याला एवढी हौस आहे त्याने सरळ लॅटेक, म्हणजे गणित छापायची संगणकाची भाषा, शिकावं.

मराठी शब्दांचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. ते मी लेखातच सांगायला हवं होतं. समीकरणाच्या चौकटीत कॅम्ब्रिया मॅथ हा फॉन्ट चालतो आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. म्हणून ‘त्रिज्या’, ‘म्हणून’, ‘जर’ असे शब्द मी चौकटीबाहेर ठेवते. वाक्य मराठीत, मध्ये समीकरण, मग पुन्हा वाक्य. लेखात ही दुरुस्ती आजच करते.

पण ‘मुलांचं काही अडलेलं नाही’ हे मला मान्य नाही. सांगलीच्या विश्रामबागेत डीटीपीचं काम सुरू केलं तेव्हाची गोष्ट. एका क्लासचा पेपर आला होता. सरांच्या हस्ताक्षरात वर क्ष + ३, मध्ये आडवी रेघ, खाली २क्ष. मला चौकट ठाऊक नव्हती, मी एका ओळीत टाइप केलं: क्ष + ३/२क्ष. कंस नाही. प्रश्न होता, क्ष = १ असताना किंमत काढा. सरांच्या मनातलं उत्तर २. छापलेलं वाचलं तर १ अधिक दीड, म्हणजे अडीच. ज्या मुलांनी नीट वाचलं त्यांचंच उत्तर चुकीचं ठरलं. एका मुलीची आई ती उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली होती. लाल शाईतली ती फुली मला अजून दिसते. चूक माझी होती आणि दोन गुण तिचे गेले.

आता तोच अपूर्णांक मी असा लिहिते. आल्ट धरून बरोबरचं (=) चिन्ह दाबलं की चौकट उघडते. कंसात अंश, तिरकी रेघ, कंसात छेद, आणि स्पेस. स्पेस दाबताक्षणी कंस जातात आणि आडवी रेघ येते. वर्गमुळासाठी उलटी तिरकी रेघ, इंग्रजीत एसक्यूआरटी, स्पेस. मग कंसात आतली पदावली आणि पुन्हा स्पेस. वर्गसमीकरण सोडवायचं सूत्र सवयीने अर्ध्या मिनिटात होतं. वजाचंही बघा. साध्या मजकुरात आपण जे टाइप करतो ती जोडरेघ असते. ‘क्ष-५’ ओळीच्या शेवटी आलं की रेघ वर राहते आणि ५ खालच्या ओळीत उतरतो. मूल तो पाच अधिक समजतं. चौकटीत त्याच कळीने खरं वजाचं चिन्ह येतं, दोन्ही बाजूंना योग्य जागा सोडून.

घातांकाचं तर विचारू नका. वर्डमध्ये साधा वर चढवलेला ५ व्हॉट्सॲपवर चिकटवला की खाली येतो. दोनचा पाचवा घात, ३२ व्हायचा तो पंचवीस होऊन ग्रुपवर फिरतो. त्यामुळे पेपर पाठवायचा तर पीडीएफच.

फोटोत या चुका होत नाहीत, हे कबूल. पण फोटोतला ३ बदलून ७ करता येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की करडी सावली उरते. आणि ज्या विद्यार्थ्याला दिसत नाही, त्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, फोटोतलं हाताने लिहिलेलं गणित नीट वाचता येत नाही.

राहिलं ‘वही उघडते’. सर, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी कितीतरी वर गेलं. गावभागातल्या एका निवृत्त बाईंची ट्रंक त्यात बुडाली. पुरानंतर त्या माझ्याकडे आल्या, पिशवीत वाळवलेले कागद घेऊन. त्यांच्या नोकरीतले सगळे प्रश्नसंच त्यात होते. बॉलपेनचं टिकलं होतं, शाईपेनचं पसरलं होतं. कित्येक ठिकाणी छेदावरची रेघ आणि वजाचं चिन्ह यांत फरक कळेना. बाई शेजारी बसून प्रत्येक गणित सोडवायच्या आणि उत्तरावरून सांगायच्या, ‘इथे वजा असणार.’ दोन महिने लागले.

तरी तुमच्या शंकेला आधार आहे. वर्डमधला जुना इक्वेशन एडिटर सुरक्षेतल्या त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला. त्यातली समीकरणं दिसतात, छापताही येतात, पण त्या एडिटरने दुरुस्त करता येत नाहीत. तुमच्या पाहण्यात तेच आलं असणार. मी सांगते ती चौकट वेगळी, वर्ड २००७ पासूनची. तिच्यातलं समीकरण डॉकएक्स फाइलमध्ये मजकूर म्हणूनच साठवलं जातं आणि लिब्रेऑफिसही ते उघडतं. फक्त फाइल जुन्या डॉक प्रकारात सेव्ह करू नका. तसं केलंत की समीकरणाचं चित्र होतं.

लॅटेकबद्दल मला आदरच आहे. आपल्याच पुस्तकाची छपाई बघवेना म्हणून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी टेक हा छपाईचा प्रोग्राम लिहायला घेतला, आणि लॅटेक त्यावरच उभं आहे. प्रबंध लिहिणाऱ्याने ते जरूर शिकावं. पण शाळेच्या ऑफिसात पेपर वर्डमध्येच मागतात, आणि मुख्याध्यापकांना रात्री दहा वाजता एक आकडा बदलायचा असतो तो वर्डमध्येच. शिवाय नव्या वर्डच्या इक्वेशन टॅबवर लॅटेकचा पर्याय आहे. ज्याला ती भाषा येते तो तिथेही तीच लिहू शकतो.

एक विनंती. तुमचा नववीचा एखादा हस्तलिखित पेपर पाठवा, मी टाइप करून देते, पैसे नकोत. फाइल आली की अपूर्णांक आणि वजाची चिन्हं तेवढी तुमच्या हाताने तपासा. ती माझ्या एकटीच्या डोळ्यांवर सोडू नका.