नर्सिंगला "काहीच लागत नाही" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

ॲडमिशनचे दिवस आले की हा मेसेज परत फिरायला लागतो. नर्सिंग कॉलेजला सायन्स लागत नाही, गणिताचा काही संबंध नाही, लसीचे आणि मेडिकलचे कागद नंतर दिले तरी चालतात, सेवाभाव असला की झालं. मी नर्सिंगच्या मुलांना वॉर्डमध्ये शिकवते, त्यावर विसंबून आलेली मुलं मला भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सायन्सचं आधी. मदतनीसाचे छोटे कोर्स असतात, त्यातल्या काहींना सायन्स लागत नाही हे खरंय, आणि घोळ तिथेच झालाय, तो नियम उचलून सरसकट डिग्रीला लावलाय. डिग्रीला बहुतेक कॉलेजं बायोलॉजी, केमिस्ट्री मागतात आणि बरोबर मागतात. पोटॅशियम क्लोराईडचं इंजेक्शन पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं, ते का हे पेशीच्या आत-बाहेरचं पोटॅशियम समजलेल्यालाच कळतं.

आता गणित, यावर तर मला फारच राग येतो. १२ किलोचं बाळ आहे, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे १८० मिलिग्रॅम. हातातल्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० असेल तर साडेसात मिली द्यायचं. पण त्याच औषधाची ५ मिलीत २५० वाली बाटली पण येते, बाटली बदललेली बघितली नाही आणि सवयीने साडेसात मिली दिलं तर बाळाच्या पोटात ३७५ जातं, दुपटीपेक्षा जास्त! आणि हा हिशोब रात्री ३ वाजता, ते बाळ रडत असताना करायचा असतो. म्हणून गणित यायलाच हवं.

लसीचे कागद नंतर? हेपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी यकृताची कावीळ) च्या लसीचे नेहमीचे ३ डोस असतात, आज, १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी, त्यानंतर लस लागू पडली का हे बघायला रक्तातली अँटीबॉडी तपासायची ती वेगळी. माझी एक विद्यार्थिनी हाच मेसेज वाचून लस न घेता थांबली, बाकीच्या वॉर्डात गेल्या आणि ती वर्गात बसून राहिली, खूप रडली बिचारी. बाधित पेशंटची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के असतो, लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी चा ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एवढा फरक आहे.

मेडिकल फिटनेस म्हणजे नुसता शिक्का, असंही लिहिलंय. सीपीआर देताना, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवताना, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबावी लागते, मिनिटाला १०० ते १२० वेळा, चांगली धडधाकट माणसं पण २ मिनिटांत थकतात, म्हणून तर माणूस बदलायला सांगतात. पाठीचा, दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा, लपवू नका, बऱ्याचदा मार्ग निघतो.

सेवाभाव हवाच, त्याबद्दल वादच नाही. पण ज्यांचं नाव त्यासाठी घेतात त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे आलेखात मांडून सुधारणांसाठी भांडण केलं, आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा काढली ती रीतसर शिकवण्यासाठीच.

तेव्हा ज्या कॉलेजला जायचंय त्याचं स्वतःचं माहितीपत्रक काढून विषय, टक्के, वयाची अट त्यातच बघा, दोन कॉलेजांचे नियम सारखे असतीलच असं नाही. आणि हेपॅटायटिसची लस घेतलेली नसेल तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या, ॲडमिशनची वाट बघू नका.