साहेब, आधी घड्याळ लावा

अभिनंदन! पाच-सहा देशांतल्या कस्टमर सर्व्हिसचं घोंगडं तुमच्या गळ्यात पडलंय, तेव्हा आता कस्टमर सोडून बाकी सगळ्याकडे लक्ष द्यायला शिका.

सुरुवात कॉलच्या टाइमपासून करा. सहा मिनिटं झाली की स्क्रीन लाल, स्क्रीन लाल झाली की टीम लीडर खुर्चीमागे उभा. मग बघा गंमत. फोनवरच्या आजी चष्मा शोधतायत, तो सापडला की कार्डावरचा नंबर वाचणारेत, इकडे टायमर ५:४८ वर आणि एकदम "हॅलो... हॅलो... मॅडम आवाज येत नाहीये"... कट. आजी परत रांगेत, परत तेच संगीत, परत नाव-जन्मतारीख पहिल्यापासून. काम शून्य झालं पण रिपोर्टात दोन कॉल आले ना, आणि दोन्ही वेळेत! चार्ल्स गुडहार्ट नावाचे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ १९७५ मध्येच सांगून बसलेत की एखाद्या आकड्याला धरून लगाम खेचायला गेलात की त्या आकड्याचा भरवसा संपतो. पण ते पतधोरणाबद्दल बोलत होते, आपला काय संबंध.

दुसरं म्हणजे हेड ऑफिसात जे चालतं ते जगभर चालतंच असं धरून चला. वॉलमार्ट ही अमेरिकेतली दुकानांची साखळी १९९७ ला जर्मनीत गेली, स्टाफला गिऱ्हाइकांकडे बघून हसायला लावलं, सकाळी कंपनीच्या नावाचा जयघोष करायला लावला. काही गिऱ्हाइकांना वाटलं ही बाई आपल्यावर लाइन मारतेय! २००६ मध्ये गाशा गुंडाळला, वर साधारण एक अब्ज डॉलरचा फटका. कारणं बाकीचीही होती म्हणा, भाव, कायदे, तगडे स्पर्धक... पण तुम्ही हसण्याचं ट्रेनिंग मात्र सोडू नका, पीपीटी तयारच असते.

आणि फोन घेणाऱ्या पोराला स्वतःच्या डोक्याने काही करू देऊ नका हं. रिट्झ-कार्लटन हॉटेलात म्हणे साधा कर्मचारीसुद्धा एका पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो, कुणालाही न विचारता. काय हा माज! तुम्ही वीस डॉलरच्या रिफंडला तीन अप्रूव्हल ठेवा, त्यातलं तिसरं अशा साहेबाचं जो तेव्हा दुसऱ्या टाइमझोनमध्ये घोरत असतो. मंजुरी येईपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीत गेलेलं असतं. पण "आमची सेवा कशी वाटली?" ही मेल त्याला वेळेवर पोचते, तिला कुणाचंच अप्रूव्हल लागत नाही.