सँ नाझेरचा छापा: उडालं ते गोदीचं दार, पाणबुड्यांचा तळ नव्हे

दुसऱ्या महायुद्धातल्या शौर्यकथांमध्ये एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: 28 मार्च 1942 च्या रात्री ब्रिटिश कमांडोंनी स्फोटकांनी भरलेलं जहाज फ्रान्समधल्या सँ नाझेर बंदरातल्या जर्मन पाणबुडी तळावर नेऊन आदळलं. तळ उडाला आणि पाणबुड्यांचं कंबरडं मोडलं. तिथे यायला निघालेली 'टिर्पिट्झ' ही जर्मन युद्धनौका माघारी फिरली. हादरलेल्या हिटलरने अटलांटिक भिंत, म्हणजे किनाऱ्यावरच्या तटबंदीची रांग, बांधायला घेतली. चवताळलेल्या जर्मनांनी गाव जमीनदोस्त केलं आणि नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरताच ते मोकळं झालं.

यातली तारीख खरी, कमांडो खरे, जहाजही खरं. बाकीचं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि या चुका किरकोळ नाहीत. सगळं श्रेय एका रात्रीच्या पदरात टाकलं की त्या गावाने पुढची तीन वर्षं काय सोसलं ते दिसेनासं होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"पाणबुड्यांचा तळ उडवला"

सँ नाझेर हे लुआर नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर वसलेलं जहाजबांधणीचं गाव. इथल्या पेनोए कारखान्यात 'नॉर्मांदी' हे 313 मीटर लांबीचं प्रवासी जहाज बांधलं गेलं. 1932 मध्ये ते पाण्यात उतरलं. एवढं मोठं जहाज दुरुस्तीला घ्यायचं तर गोदीही तशीच हवी. म्हणून 350 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद अशी गोदी बांधण्यात आली. मुंबईच्या वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगायचं तर आपली ह्यूज सुकी गोदी 1000 फूट लांब आणि 100 फूट रुंद, म्हणजे जेमतेम 30 मीटर रुंदीची आहे. टिर्पिट्झची रुंदीच 36 मीटर होती.

या गोदीचं एक तोंड नदीकडे आणि दुसरं आतल्या पेनोए बॅसिनकडे, म्हणजे बंदरातल्या बंदिस्त जलाशयाकडे. दोन्ही तोंडांना पोकळ पोलादी दारं होती. प्रत्येक दार सुमारे 51 मीटर लांब, 16 मीटर उंच आणि साधारण 11 मीटर जाड. ती बिजागरीवर उघडत नसत, रुळांवरून बाजूच्या खाचेत सरकत. दोन्ही दारं बंद करून पंपांनी पाणी उपसलं की सुकी गोदी तयार. नदीकडचं दारच गेलं तर पाणी अडवायला काही उरत नाही आणि एवढी प्रचंड गोदी निव्वळ पाण्याचा खड्डा होऊन बसते. छाप्याचं मुख्य लक्ष्य हेच दार होतं.

पाणबुड्यांचा तळ वेगळा. तो शेजारच्या सँ नाझेर बॅसिनच्या पश्चिम काठावर होता: काँक्रीटचा एकच अखंड ठोकळा, सुमारे 300 मीटर लांब, 130 मीटर रुंद, 18 मीटर उंच, आत 14 कप्पे. त्यातले आठ सुके करून दुरुस्तीसाठी वापरता येत. फेब्रुवारी 1941 मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी जूनअखेर पहिले कप्पे वापरात आले. छाप्याच्या वेळी इथे सहावा आणि सातवा असे दोन पाणबुडी ताफे राहत होते. साडेचार टनांचा स्फोट या ठोकळ्याला बाहेरून काय करणार होता? त्या रात्री त्याला धक्काही लागला नाही, आणि तो आजही जागेवर उभा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. पाणबुड्यांच्या बॅसिनची जलद्वारंही योजनेत होती. लुआरच्या मुखाशी उधाणाच्या भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो. जलद्वारं फोडली असती तर बॅसिनमधलं पाणी ओहोटीबरोबर उतरलं असतं आणि पाणबुड्यांची ये-जा भरतीच्या वेळेवर अवलंबून राहिली असती. पण दक्षिणेच्या मुख्य जलद्वारांपर्यंत पथकं पोहोचूच शकली नाहीत. कारण ती ज्या मोटारबोटींतून येत होती त्या लाकडी होत्या, आणि इंग्लंडला परतता यावं म्हणून त्यांच्या डेकवर पेट्रोलच्या जादा टाक्या बसवलेल्या होत्या. दोन्ही काठांवरून तोफा सुरू झाल्यावर बोटी एकामागून एक पेटल्या. जुन्या धक्क्यावर ठरल्याप्रमाणे माणसं उतरवणं फारच थोड्या बोटींना जमलं.

"जहाज आदळलं आणि स्फोट झाला"

खरं तर यशाचं मर्म या दोन घटनांमधल्या वेळेत आहे. जहाज होतं 'कॅम्पबेल्टाउन', अमेरिकेने 1940 च्या करारात ब्रिटनला दिलेल्या 50 जुन्या विनाशिकांपैकी एक. चारपैकी दोन धुराडी काढून आणि उरलेली दोन तिरकी छाटून तिला जर्मन टॉर्पेडो बोटीचं रूप देण्यात आलं. जड सामान उतरवून ती हलकी केली, कारण गाळाने उथळ झालेल्या पात्रावरून तिला जायचं होतं. उपसलेली खोल वाट तोफांच्या अगदी समोरून जात होती, म्हणून ती टाळायची होती. त्यासाठी उधाणाची भरती हवी, म्हणून मार्चअखेरच्या पौर्णिमेच्या आसपासचे मोजकेच दिवस उपयोगाचे. एवढं करूनही जहाजाचा तळ वाटेत दोनदा गाळाला घासला.

स्फोटकं म्हणजे 24 डेप्थ चार्ज (पाणबुड्यांवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बाँब), एकूण वजन सुमारे साडेचार टन. ती नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या भागाच्या, टोकाला ठेवली नव्हती. टोक आदळताच चेपणार हे उघड होतं, तिथे ठेवली असती तर विखुरली असती. पुढच्या तोफेला आधार देणाऱ्या पोलादी खांबाच्या मागे पोलादी टाकीत ती ठेवून वरून काँक्रीट ओतलं. हिशेब असा, की नाळ चेपत चेपत दारात रुतेल तेव्हा हा भाग नेमका दारालगत येऊन थांबेल. रात्री 1 वाजून 34 मिनिटांनी, ठरल्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा, जहाज टॉर्पेडो-विरोधी जाळी फाडून दारावर आदळलं. सुमारे 11 मीटर नाळ चेपली आणि जहाज तिथेच अडकलं. हिशेब बरोबर ठरला.

फ्यूज कित्येक तासांच्या विलंबाचे होते. सकाळ झाली, जर्मनांनी जहाजाची पाहणी केली, काँक्रीटखालचं काही त्यांना सापडलं नाही. स्फोट ठरल्या वेळेहून बराच उशिरा, 28 तारखेला दुपारच्या सुमारास झाला, तेव्हा पाहणी करणारे अधिकारी आणि बघे जहाजावर आणि आजूबाजूला होते. दार आत कोसळलं, नदीचं पाणी गोदीत घुसलं आणि आतली दोन टँकर जहाजं त्या लोंढ्याने ढकलली गेली. पंपघर आणि दार सरकवणारी यंत्रं कमांडोंनी रात्रीच वेगळ्या सुरुंगांनी निकामी केली होती. पंप जमिनीखाली सुमारे 12 मीटर खोल होते, आणि सुरुंग लावायला अंधारात, गोळीबार चालू असताना जिने उतरून जावं लागलं होतं. ही गोदी युद्ध संपेपर्यंत कामाला आली नाही. ती पुन्हा सुरू झाली 1948 मध्ये.

किंमतही सांगायला हवी, कारण त्या मजकुरात ती कुठेच नसते. सुमारे 610 नौसैनिक आणि कमांडो गेले होते. त्यातले 169 मारले गेले, 215 पकडले गेले. पाच जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाच कामगिरीसाठी पाच ही फार मोठी संख्या आहे.

"टिर्पिट्झ माघारी फिरली"

टिर्पिट्झ सँ नाझेरला निघालेलीच नव्हती. जानेवारी 1942 मध्ये ती नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळ गेली होती, कारण ब्रिटिश नॉर्वेवर उतरतील अशी हिटलरची खात्री होती. छाप्यामागचं कारण भविष्यातल्या शक्यतेचं होतं. मे 1941 मध्ये तिचीच जोडीदार 'बिस्मार्क' जखमी होऊन सँ नाझेरच्या दिशेने पळत होती आणि वाटेत, 27 मे रोजी बुडाली. टिर्पिट्झ अटलांटिकमध्ये उतरली आणि तिला मार बसला तर जर्मनांच्या ताब्यातल्या संपूर्ण अटलांटिक किनाऱ्यावर तिला घेऊ शकणारी सुकी गोदी ही एकच. ती नसेल तर एवढी महाग नौका कुणी धोक्यात घालणार नाही, असा विचार करून संयुक्त मोहीम मुख्यालयाने योजना हाती घेतली. त्याचे प्रमुख होते माउंटबॅटन, तेच जे 1947 मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय म्हणून आले. शक्यता बंद करणं हेही यश आहे, पण ते चालत्या जहाजाला परतवणं नव्हे. टिर्पिट्झ पुढे नॉर्वेतच राहिली आणि 12 नोव्हेंबर 1944 ला ट्रॉम्सोजवळ बाँबहल्ल्यात उलटली.

"पाणबुड्यांचं कंबरडं मोडलं"

1942 हे जर्मन पाणबुड्यांचं सर्वांत घातक वर्ष होतं. त्या वर्षी त्यांनी हजाराहून अधिक जहाजं बुडवली, साठ लाख टनांहून जास्त. त्यातही सर्वांत वाईट महिना नोव्हेंबर, म्हणजे छाप्यानंतर आठ महिन्यांनी. त्यांचा जोर तुटला तो मे 1943 मध्ये, लांब पल्ल्याची विमानं, मालवाहू जहाजांच्या ताफ्यांसोबतच्या छोट्या विमानवाहू नौका, सुधारलेलं रडार आणि सांकेतिक संदेशांची उकल या सगळ्यांमुळे. त्या एका महिन्यात सुमारे 40 पाणबुड्या गेल्या आणि जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याने उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घेतल्या. कॅम्पबेल्टाउनचा यात काही वाटा नाही.

"घाबरून अटलांटिक भिंत बांधली"

किनारा-संरक्षणाबाबतचा हिटलरचा आदेश क्रमांक 40 निघाला 23 मार्च 1942 ला. छापा पडला त्यानंतर पाच दिवसांनी. छाप्याने घाई वाढवली असेल, पण सुरुवात त्याने झाली नाही.

"चवताळलेल्या जर्मनांनी गाव जमीनदोस्त केलं"

या विधानाबद्दल राग येतो, कारण इथे ज्यांच्या बाँबखाली गाव मेलं त्यांचं नाव पुसून दुसऱ्याचं घातलं आहे. जर्मनांनी गोळ्या घातल्या हे खरं आहे. 30 मार्चला, छाप्यातल्या एका बोटीने सोडलेले विलंबी टॉर्पेडो बॅसिनच्या जुन्या प्रवेशद्वाराशी फुटले, जर्मन सैनिक बिथरले आणि झालेल्या गोळीबारात 16 फ्रेंच नागरिक मारले गेले. पण घरं पाडली ती ब्रिटिश आणि अमेरिकन बाँबरनी.

छाप्याच्या रात्रीची तुलना करून बघा. त्या वेळी लक्ष विचलित करायला 60 च्या आसपास ब्रिटिश बाँबर पाठवले होते आणि त्यांना सक्त सूचना होती: एका वेळी एकच बाँब, आणि लक्ष्य दिसलं तरच. ढग होते, त्यामुळे फार थोड्या विमानांनी बाँब टाकले. बाकीची नुसती घिरट्या घालत राहिली आणि त्यामुळेच खाली तोफखान्याला संशय आला. फ्रेंच नागरिक मरू नयेत म्हणून घेतलेली ही काळजी होती.

मग ती सोडली गेली. 9 नोव्हेंबर 1942 ला अमेरिकन विमानांचा बंदरावर हल्ला झाला. त्यात पेनोए कारखान्याच्या शिकाऊ मुलांच्या शाळेवर बाँब पडले आणि शंभराहून अधिक मुलं गेली. लोहारकाम, रिव्हेट मारणं, नकाशे वाचणं शिकणारी ही पोरं होती. जानेवारी 1943 मध्ये ब्रिटिश बाँबर दलाला आदेश मिळाला की लोरियाँ, सँ नाझेर, ब्रेस्ट आणि ला पालिस या पाणबुडी बंदरांवर सरसकट क्षेत्रीय बाँबफेक करावी, म्हणजे नेमक्या लक्ष्याऐवजी सगळ्या भागावर बाँब टाकावेत. 28 फेब्रुवारी 1943 च्या रात्री सँ नाझेरवर चारशेहून अधिक विमानं आली. त्या एका रात्रीत निम्म्याहून जास्त गाव गेलं, आणि युद्ध संपलं तेव्हा सुमारे 85 टक्के गाव नष्ट झालेलं होतं.

एवढं करून तळाला काय झालं? कामात अडथळे आले, वीज आणि पाणी तुटलं, कामगार पांगले. पण कप्प्यांचं छत नेहमीच्या बाँबना दाद देत नव्हतं. पहिला थरच साडेतीन मीटर सळईबंद काँक्रीटचा, आणि त्यावर पुढे आणखी थर चढत गेले. साधा बाँब पृष्ठभागावर फुटतो आणि उथळ खळगा पाडतो. छत भेदायचं तर बाँब जाड पोलादी कवचाचा, फार जड आणि खूप उंचीवरून टाकलेला हवा. असे पाच टनी 'टॉलबॉय' बाँब ऑगस्ट 1944 मध्ये ब्रेस्टच्या तळावर वापरले गेले. 1943 मध्ये ते नव्हतेच. घरं पडत राहिली, पाणबुड्या आत सुरक्षित. मे 1943 मध्ये खुद्द डोनिट्झनेच नोंदवलं की या गावांत कुत्रं-मांजरही उरलेलं नाही, उरले आहेत ते फक्त पाणबुड्यांचे आसरे.

"नॉर्मंडीनंतर गाव मोकळं झालं"

पॅरिस 25 ऑगस्ट 1944 ला सुटलं. सँ नाझेरहून वरच्या अंगाला सुमारे 50 किलोमीटरवरचं नांत तर त्याआधीच, 12 ऑगस्टला. त्यानंतर जर्मन सैन्य मागे सरकून सँ नाझेरभोवती नदीच्या दोन्ही काठांवर ठाण मांडून बसलं. सुमारे 28,000 सैनिक आणि त्यांच्यासोबत त्या वेढ्यात अडकलेले सव्वा लाखाच्या आसपास नागरिक. ब्रेस्ट घेताना अमेरिकनांची एवढी हानी झाली होती की अशा बंदरांवर थेट चढाई करण्याऐवजी त्यांना नुसतं कोंडून ठेवायचं ठरलं. आधी अमेरिकेची 94 वी आणि जानेवारी 1945 पासून 66 वी डिव्हिजन, सोबत फ्रेंच प्रतिकार चळवळीतून आलेली पथकं, अशी ही फळी होती. आतल्या लोकांनी तो हिवाळा अन्न आणि सरपणाच्या टंचाईत काढला. ठरावीक वेळच्या शस्त्रसंधीत काही नागरिकांना आगगाडीने बाहेर आणलं गेलं.

जर्मनीची शरणागती 7 मे 1945 ला रॅंस इथे झाली. सँ नाझेरच्या जर्मन सेनापतीच्या वतीने शरणागतीचा कागद कोर्दमे गावात सही झाला 8 मे रोजी, आणि बुव्राँ गावाजवळच्या माळावर शस्त्रं प्रत्यक्ष खाली ठेवली गेली 11 मे 1945 ला. बर्लिन पडून तेव्हा आठवडा उलटून गेला होता, आणि नॉर्मंडीत सैन्य उतरलं त्याला अकरा महिने झाले होते.