केमो चालू असलेल्या लेकराला शेक का दिला नाही

नमस्कार भाऊ. आपण एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्या फिजिओथेरपी दवाखान्याच्या बोर्डावर 'हीट थेरपी' लिहिलेलं वाचून चोपड्याहून भरउन्हात लेकराला घेऊन आलात, आणि केमो चालू आहे म्हटल्यावर आम्ही मशीन लावायला नकार दिला. 'जर्मनीत हेच करून मुलं बरी होतात, यांना कॅन्सरचे पेशंट नकोत,' असंही आपण म्हटलंय. लेकराचं नाव, आजार मी इथं काढणार नाही. पण हेच विचारायला आता बरेच पालक येतात, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देतो.

जर्मनीची गोष्ट खरी आहे. ड्युसेलडॉर्फच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या कॅन्सरवरच्या वैद्यकीय नियतकालिकात ४४ रुग्णांचे निष्कर्ष छापले. सगळी लहान आणि किशोरवयीन मुलं, जर्म सेल ट्यूमर (जननपेशींपासून होणारी गाठ), तोही पहिल्या उपचारांना न जुमानलेला किंवा उलटलेला. सिस्प्लाटिन, इटोपोसाइड, आयफॉस्फामाइड ही केमोची औषधं देतानाच गाठीचा भाग ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तासभर तसाच ठेवायचा, आणि जमेल तेव्हा ऑपरेशन. ५ वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्के आलं. इतक्या अवघड मुलांमध्ये हे फार मोठं आहे. उष्णतेनं गाठीत औषध जास्त पोचतं, आणि औषधानं तुटलेला डीएनए पेशीला नीट सांधता येत नाही. मात्र ज्यांना नुसती केमो दिली असा तुलनेचा गट त्यात नव्हता. शिवाय हा एका प्रकारच्या गाठीचा अनुभव आहे. रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर तापवायला एक जागाच नसते.

आता आमचं मशीन. ते शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे रेडिओ लहरींनी आतपर्यंत शेक देणारं मशीन आहे, गुडघा, खांदा, कंबर यांसाठी. आत किती तापलं हे ते मोजत नाही. पेशंट म्हणतो 'जास्त लागतंय', मग आम्ही कमी करतो. व्हिन्क्रिस्टिनसारख्या केमोच्या औषधांनी हातापायांच्या नसा बधिर होतात, मग लेकराला भाजलं तरी कळायचं नाही. आणि कॅन्सरच्या गाठीवर हा शेक द्यायचाच नाही, हे फिजिओथेरपीत आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात.

'मे महिन्यात ४४ अंशांत आमची पोरं हिंडतातच की,' असं आपण काउंटरवर म्हणालात. हिंडतात, पण आत शरीर ३७ च्या आसपासच राहतं. घाम आणि वाहतं रक्त उष्णता बाहेर काढत राहतात. त्यावर मात करून नेमकी गाठच ४२-४३ ला टिकवायची, तर वेगळी यंत्रणा, तापमान मोजणाऱ्या तारा आणि शेजारी केमो देणारी टीम लागते. हा विषय लेकराच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशीच बोला. मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये मुलांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग आहे, दुसरं मत तिथं घेता येईल.

कॅन्सरचे पेशंट आम्हाला नकोत, हे मात्र मला मान्य नाही. केमोनंतर पाऊल उचलता न येणाऱ्या मुलांचे व्यायाम, स्प्लिंट, चालण्याचा सराव हे सगळं आम्ही करतो, शेक न देता. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि ताजा रक्ताचा रिपोर्ट आणा. प्लेटलेट कमी असतील तर व्यायाम पुढे ढकलू.

घरीही गरम पाण्याची पिशवी गाठीवर ठेवू नका, भाऊ. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर 'उष्णता चांगलीच' असं समजून सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.